पाडव्याचा रोल

दापोडी, ६ ऑक्टोबर २०२४

चि. दीपमालास सयाजीमामाचे अ. उ. आ.

फोनवर मला तुझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुझी मामी स्वतःच्या मनाचं सांगते, म्हणून हे पत्र. शेजारचा नवनाथ तुझ्याकडे चाकणला येतोय, त्याच्याबरोबर माझा जुना कॅमेरा पाठवतोय. उजेड मोजायच्या मीटरची सुई मेली आहे. सेल आतच राहून फुटला, सगळीकडे हिरवा गंज. दुकानदार म्हणाला, आता शोकेसमध्ये ठेवा. मी म्हटलं, मला ठेवतील तेव्हा त्यालाही ठेवू.

खरं कारण सांगतो. भाऊबीज झाली की मामीची केमो सुरू होणार. केस जातील हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून टाकलं. मामी रडली नाही, घरी येऊन भाजी निवडत बसली. मग म्हणाली, यंदा पाडव्याची ओवाळणी म्हणून साडी नको, केस मोकळे सोडलेला माझा एक फोटो काढा. मोबाईलवर नको, तसा सगळ्या जगाचा निघतो. फोटोवाल्याशी लग्न केलंय तर त्याच्या कॅमेऱ्याने काढा. आयुष्यभर लोकांच्या नवऱ्यामुली सजवून उभ्या केल्या, पण हिचा एक धड फोटो नाही. लाज वाटते.

तू दिवसभर गाड्यांच्या मीटरचे बोर्ड दुरुस्त करतेस, एवढं माझं कर. साहेबांची बोलणी मात्र खाऊ नकोस.

तुझा बहिरा पण प्रेमळ,
सयाजीमामा


चाकण, २० ऑक्टोबर २०२४

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

कॅमेरा बरा झाला! कंपनीत नेला नाही, खोलीवरच उघडला. सेलच्या डबीपासून मीटरपर्यंतची तार आतून काळी पडली होती, हात लावताच तुटली. नवी ओढून सोल्डरचा डाग दिला, गंज व्हिनेगरने पुसून काढला. सुईजवळ काम करताना शिंक आली तेव्हा खोलीबाहेर पळाले. मोबाईलमधल्या मीटरशी ताडून पाहिलं, उन्हात आणि सावलीत, दोन्हीकडे तुमची सुई बरोब्बर. आमच्या लाइनच्या दिग्विजयसरांना दुरुस्तीचे फोटो दाखवले, ते म्हणाले आमचे क्वालिटीवालेसुद्धा पास करतील. तुम्ही मात्र कौतुक करताना हात आखडू नका.

मामीला म्हणावं, अंबाडा सोडायची तयारी ठेव.

आशीर्वादाची वाट पाहणारी,
दीपमाला


दापोडी, १८ नोव्हेंबर २०२४

चि. दीपमालास अ. आ.

रोल धुऊन आला. मामीचा एकही फोटो नाही. म्हणजे आहे, पण काळोखात कुणीतरी बसलंय एवढंच दिसतं. लॅबवाल्याने कॉम्प्युटरवर उजळून पाहिलं, तर तोंडावर रवा सांडल्यासारखं झालं. केस कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते, काही कळत नाही.

तुझं काही चुकलं नाही. तू केलेली सुई खरं सांगत होती. पूर्वी ती उजेड कमीच दाखवायची, त्या सडलेल्या तारेमुळेच असणार. म्हणून ती सांगेल त्यापेक्षा उजेड आत सोडणारी रिंग दोन घरं बंद करायची, ही माझ्या हाताची जुनी खोड. पाडव्याला मामीने ओवाळलं, तबक बाजूला ठेवलं, अंबाडा सोडला आणि पाटावर बसली. मी सुई पाहिली आणि हाताने आपोआप दोन घरं फिरवली. अख्खा रोल तसाच काढला. मी तिच्याकडे बघत होतो गं, हाताकडे लक्षच नव्हतं.

पुन्हा काढावा तर उशीला केस लागायला लागलेत. लॅबचं मशीन बिघडलंय असं तिला सांगितलंय. ती तुला फोन करून विचारेल, तूही तेच सांग. एवढं पाप माझ्यासाठी पदरात घे.

दुःखी,
सयाजीमामा


चाकण, २१ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस सा. न.

सांगितलं. मामीचा फोन जेवणाच्या सुट्टीत आला. मशीनचा पार्ट बाहेरून यायचाय, असंही मी वर जोडलं. तेवढं तुम्ही सांगितलंही नव्हतं. ती म्हणाली, असू दे, घाई नाही, आणि जेवलीस का म्हणून विचारलं. मी डबा तसाच झाकून ठेवला.

तुमचा हात चुकला असं म्हणू नका. शाळेच्या सुट्टीत स्टुडिओत लाइटची छत्री धरून मीच उभी असायचे. सुई आळशी आहे, दोन घरं आपणच चालायचं, हे तुमच्या तोंडून मी कितीदा ऐकलंय. कंपनीत एक वायर बदलली तरी काय बदललं ते लाल चिठ्ठीवर लिहून बोर्डाला बांधल्याशिवाय आम्ही तो पुढच्या शिफ्टला देत नाही. तुमच्या कॅमेऱ्याबरोबर मी चिठ्ठी पाठवली ती शाबासकी मागायची. आता रिंग फिरवू नका, एवढं एक वाक्य लिहायचं होतं. ते सुचलं नाही, याची मला झोपेतसुद्धा टोचणी लागलीय.

रविवारी सुट्टी आहे, पण मामीसमोर कोणत्या तोंडाने येऊ?

तुमची अपराधी,
दीपमाला


दापोडी, २५ नोव्हेंबर २०२४

चि. दीपास मामीचे अ. उ. आ.

पत्रं मामांनी लिहायची आणि फोन मी करायचा, असं आपलं ठरलेलं. पण फोनवर तू रडशील आणि मी ओरडेन, म्हणून लिहायला बसले.

डोक्याला बांधायला स्कार्फ शोधत होते, तर कपाटात मामांच्या स्वेटरखाली निगेटिव्ह सापडली. खिडकीशी धरून पाहिली, जवळजवळ कोरीच. स्टुडिओतल्या निगेटिव्ह वाळवण्यात आणि त्यांच्यावरचे डाग झाकण्यात माझी उमर गेली, हे तुम्ही दोघं कसं विसरलात? तुला फोन केला तेव्हा ती माझ्या मांडीवर होती. वाटलं, पोर तरी खरं सांगेल. नंतर तुझं पत्रही वाचलं.

वाईट वाटलं. केसांचं वाटलं, फोटोचंही वाटलं. पण त्याआधीचे दिवस जास्त वाईट गेले. हे चहा देताना कपाकडे बघायचे, माझ्याकडे नाही. डोकं विरळ झालं म्हणून ह्यांना बघवत नाही, असं मी धरून चालले. सासूबाई असताना घेतला नव्हता एवढा पदर घेऊन माझ्याच घरात वावरले. चूक तुमची होती, पण हे बघेनात तेव्हा मला वाटलं, ती माझ्या चेहऱ्यात आहे.

उरलेले केस काल नवनाथकडून मशीनने काढून घेतले. मामा दारात उभे राहून बघत होते. मी त्यांना हाक मारली नाही.

रविवारी ये. पुरणाचा वास सहन होत नाही, मुगाची खिचडी खावी लागेल. माझा लोभ आहे तसाच आहे, सध्या रागासकट. दारातून आलीस की आधी माझ्या तोंडाकडे नीट बघ. रडायचं ते नंतर.

तुझी,
सुमनमामी