पाचाचा शून्यावा घात

सोमवार, दिवेलागणीची वेळ

उद्या आठवीचा संगणकाचा पहिला तास माझ्यावर आहे. पंचवीस वर्षं गणित शिकवतेय, पण घात काढायचा साधा प्रोग्राम चार वेळा चुकला. उत्तर सारखं शून्य. बेरजेच्या सवयीने मी सुरुवातच शून्यापासून केली होती. त्याला कितीही गुणलं तरी शून्यच. तिथे एक लिहिला आणि जमलं.

मग पाचाचा शून्यावा घात काढून पाहिला. उत्तर एक. एकदाही गुणायचं नाही, म्हणून सुरुवातीचा एक तसाच उरला. इतकं सोपं होतं हे?

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गातल्या नाझनीनने हेच विचारलं होतं, "बाई, पण एकच का?" मी ओरडले, "नियम आहे, पाठ कर!" आणि तासभर तिला बाकावर उभं केलं. खरं तर मलाच माहीत नव्हतं. त्यानंतर तिने कधी हात वर केला नाही.

उद्या तिची मुलगी सना माझ्यासमोर बसेल. आज दिघीहून येताना फेरीबोटीत भेटली. हसत म्हणाली, "बाई, अम्मी बोलली, समजलं नाय तरी बाईंना काय विचारू नको."