प्रकरण चौथे आणि सिलिंडरचा फ्रॉक

बोईसर,
६ मार्च

तीर्थरूप आईंना,

प्रतीक्षाचा साष्टांग नमस्कार. (खरोखर घालायचा म्हटलं तरी जमिनीवर जागा नाही, सगळीकडे लोकर पसरली आहे. तेव्हा मनातला मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसतं बाटलीकडे बघता? मामंजींचा खोकला थांबला का? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून पावटा सोलता आणि माझं वाक्य संपायच्या आत शेजारच्या काकू पलीकडून "अगंबाई!" म्हणतात. म्हणून हे पत्र. चष्मा लावून, दार लोटून, एकटीने वाचावं ही विनंती.

तुम्ही विचारलंत, यात्रेला येता की नाही. नाही जमणार, आई. कारण प्रबंध. आता तुम्ही म्हणाल, प्रबंधाचं तर होत आलंय ना, तूच सांगितलंस. सांगितलं खरं. त्याचंच हे रामायण आहे, जरा लांबेल. तर माझा विषय मुरब्याच्या मच्छीमार बायकांचं काम, हे तुम्हाला ठाऊक आहे. (मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, त्यांचं काम त्यांना माहीत आहे, तू कशाला लिहितेस? आमच्या समितीनेही अगदी हेच विचारलं होतं, फक्त इंग्रजीत.) नोंदणीला सात वर्षं झाली, एक मुदतवाढ ठमीच्या जन्माला लागली, दुसरी तिच्या दातांना. आता ३१ मार्चला प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, सात वर्षं पाण्यात. पाच प्रकरणांपैकी पहिली तीन झाली आहेत. पाचवं, म्हणजे निष्कर्ष, तेही लिहून ठेवलंय. ते निष्कर्ष ज्यातून काढायचे त्या चौथ्याचं नाव तेवढं लिहिलेलं आहे. नाव फार छान जमलंय.

आता चौथं का नाही झालं, तर त्याचं मूळ एका टोपीत आहे. डोकं शिणलं की दहा मिनिटं क्रोशा हातात घ्यायचा, म्हणून मी ठमीची टोपी सुरू केली. टोपीनंतर दुसरी टोपी, मग मिक्सरचं आवरण, मग कुकरचं, मग रिमोटचं. मग एका दुपारी बघते तर मी गॅसच्या सिलिंडरला झालरीचा फ्रॉक घातलेला. (गुलाबी. कमरेला पट्टा.) गॅसवाला रिकामा सिलिंडर फ्रॉकसकट घेऊन गेला. मी मागे धावले, तर म्हणतो, "रहने दो भाभी, गाडी में अच्छा लगता है." आठवडाभर तो सिलिंडर सबंध बोईसर नटून फिरत होता, आणि मी घरी बसून दुसरा फ्रॉक करत होते. परवा बालवाडीत बाईंनी मुलांना विचारलं, आईबाबा काय करतात? ठमी म्हणाली, बाबा कंपनीत जातात, आई गाठी मारते. बाईंनी मला कौतुकाने विचारलं, घरी गोधड्या वगैरे शिवता का? मी म्हटलं, हो, ऑर्डरी घेते. प्रबंधाचं सांगायची हिंमत झाली नाही.

हसलात ना? हसा. पण आता जे लिहिते ते हसण्यासारखं नाही. तुमचे चिरंजीव गेलं वर्षभर कंपनीतल्या खंडेरावांशी पाळी बदलून घेतात, का ठाऊक आहे? सकाळची पाळी करून अडीचला घरी यायचं, चार घास खायचे आणि ठमीला खांद्यावर टाकून मैदानात न्यायचं, साडेसहापर्यंत, मला लिहिता यावं म्हणून. झोप येते हो त्यांना. घसरगुंडीच्या खाली उभ्या उभ्या डुलक्या घेतात, असं शेजारच्या उषाताई सांगतात. आणि आल्यावर विचारतात, किती झालं? मी म्हणते, बरंच झालं. खोटं नसतं ते. शाल खरंच दोन हात झालेली असते.

हे कोणालाही कळलं नसतं, पण मुरब्याच्या मंजुळाबाईंनी घोळ केला. (घोळ माझाच, पण आळ घालायला कोणीतरी लागतं.) गेल्या महिन्यात त्यांची मुलाखत घ्यायला गेले, ठमी बरोबर. मंजुळाबाई ओट्यावर बसून जाळ्याची फाटकी घरं भरत होत्या. मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं, नाव विचारलं, वय विचारलं, आणि वही काढताना पिशवीतून क्रोशाची सुई बाहेर पडली. झालं! त्यांनी माझी सुई घेतली, मी त्यांची लाकडी सुई घेतली, त्यांनी मला जाळ्याची गाठ शिकवली, मी त्यांना क्रोशाचा खांबाचा टाका शिकवला, आणि पावणेतीन तास कसे गेले कळलं नाही. घरी आले ती हवेतच. एवढी मोकळी मुलाखत सात वर्षांत झाली नव्हती. वेळ कमी म्हणून रेकॉर्डिंग न ऐकता पालघरच्या टायपिंगवाल्या निमेशला पाठवलं आणि सांगितलं, टाईप करून परस्पर स्वाती मॅडमना ईमेल कर. मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक. आठवड्यातून एकदाच हसतात, तो वार अजून मला सापडलेला नाही.

निमेश गुणी माणूस. शब्दन् शब्द टाईप केला, बावीस पानं. जो विचारेल त्याच्यापुढे 'प्रश्न', जो सांगेल त्याच्यापुढे 'उत्तर'. पहिलं अर्धं पान सोडलं तर सगळे प्रश्न मंजुळाबाईंचे आणि सगळी उत्तरं माझी. प्रश्न: नवरा काय करतंय? प्रश्न: सासू बरी हाय का? (उत्तर काय दिलं ते समोरासमोर सांगेन. चांगलंच आहे, बरंचसं.) कंसात तपशील: येथे मूल रडते, सुका बोंबील दिल्यावर थांबते. आणि पान अकरा. प्रश्न: मंग तू लिवतेस कवा गो? उत्तर: लिहीतच नाही मंजुळाबाई, चौथं प्रकरण कोरं आहे, सगळ्यांना झालं म्हणून सांगितलंय, घरीसुद्धा. त्यावर त्या म्हणतात, "तुला भ्या वाटतंय, बाकी काय नाय. जालं फाटलं तर शिवता येतंय, न इनलेलं कसं शिवशील?"

हे मी वाचलं तोवर ते मॅडमकडे पोचलेलं होतं. आणि खरंच भीती वाटते, आई. विणताना टाका चुकला तर उसवता येतो, कोणी बघत नाही. लिहिलेलं लोक वाचतात. त्या बायकांनी इतक्या विश्वासाने सांगितलेलं मी माझ्या मराठीत मारून टाकीन, असं वाटतं. मॅडमचं उत्तर त्याच दिवशी आलं, तीन ओळींचं. मुलाखत उत्तम. मुलाखत घेणाऱ्या बाई हुशार आहेत. त्यांनी विचारलेल्या प्रश्नापासून चौथं प्रकरण सुरू करा.

तर असं आहे. मंजुळाबाईंना माहीत आहे, मॅडमना माहीत आहे, निमेशला माहीत आहे. फक्त तुमच्या सुजितना नाही. काल ते म्हणाले, प्रबंध गेला की चार दिवस नुसता झोपणार. मी शाल उशीखाली सारली आणि हो म्हटलं.

मामंजींना नमस्कार. ठमीने तुम्हाला पापा पाठवलाय.

तुमची सून,
प्रतीक्षा

ता. क. यात्रा उरकली की लगेच याल का? ठमीला सांभाळायला नको, तिचं चाललंय. सुजितना तुम्ही सांगा. माझ्याने तोंड उघडवत नाही. आज तीनदा 'अहो' म्हटलं आणि तीनदा चहाचं विचारलं. तुम्ही सांगितलं की माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल, मग मी लिहीन. तीन आठवडे पुरतील.

ता. क. २. मला लोकर अजिबात आणू नये. आणलीच तर मोरपंखी, दोन गुंडे, शाल पुरी व्हायची आहे.

ता. क. ३. आई, हे मी लिहितोय, सुजित. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय आणि पाकीट मी उघडलंय, रागावू नकोस. मला दिवाळीपासून माहीत आहे. मैदानात ठमीला तहान लागली की आम्ही पाणी प्यायला घराकडे येतो. खिडकीतून प्रतीक्षाचा हात दिसतो. लिहिणाऱ्याचा हात तसा हलत नाही. मग उषाताईंकडे पाणी पितो आणि परत जातो. ती आपणहून सांगेल म्हणून थांबलो होतो. तू ये आणि तिच्यादेखत मला सांग. मी पाच मिनिटं चांगला रागावणार आहे, मधे पडू नकोस, तिला तेवढं लागेल, नाहीतर तो धोंडा उतरायचा नाही. मग मी ठमीला घेऊन मैदानात जाईन.