मावशीची गुरुवारची शस्त्रक्रिया बदलून मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
प्राणी नोंदणी व शल्यचिकित्सा विभाग,
सार्वजनिक पशुरुग्णालय.

विषय : नोंदणी क्र. २२१७ या कुत्र्याची ‘मादी’ ही नोंद ‘नर’ अशी दुरुस्त करणे, गुरुवारी ठरलेली गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया रद्द करणे व त्याच वेळी फायमोसिसची शस्त्रक्रिया करून मिळणे.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची गुरुवारच्या शस्त्रक्रियेची सूचना. २) खिडकी क्र. ३ वर तोंडी मिळालेली उत्तरे.

महोदय,

१. दिनांक ३ रोजी दुपारी सव्वादोनच्या सुमारास माझी दोन्ही मुले झोपलेली असताना घरात टप, टप असा आवाज येऊ लागला. मी उठून मोरीतला नळ घट्ट केला. आवाज येतच होता. मग स्वयंपाकघरातला नळ घट्ट केला. शेवटी पाहिले तर आमची मावशी दाराशी उभी होती आणि तिच्या पोटाखाली फरशीवर थेंब पडत होते. ती बाहेर शू करून कधीच आत आली होती, पण शू संपलेली नव्हती.

२. मावशी हे आमच्या कुत्र्याचे नाव आहे. माझी मुलगी चार वर्षांची असून तिच्या बालवाडीतल्या मावशी दारात जशा बसतात, तसे हे पिल्लू बसत असे, म्हणून तिने हे नाव ठेवले. अर्जात मी ‘ती’ असेच लिहीत आहे. ती सवय आहे. त्यावरून मी नोंद मान्य करते असे कृपया समजू नये.

३. दुसऱ्या दिवशी बाळाला झोळीत घेऊन मी मावशीला आपल्या रुग्णालयात आणले. डॉक्टरबाईंनी तिला उताणे केले, पोटावरचे गुंतलेले केस कातरले आणि विचारले, “हिला मादी कोण म्हणालं?” पोटावरचा उंचवटा आम्ही फुगलेली बेंबी समजत होतो. ती लिंगावरची कातडीची पिशवी निघाली. तिचे तोंड टाचणीच्या डोक्याएवढे आहे. त्यातून लिंग बाहेर येत नाही व शू पिशवीत तुंबते, फुगते आणि मग दिवसभर ठिबकत राहते. आत सूज व पू आहे. डॉक्टरबाईंनी दोन बोटांनी कातडी मागे सारून पाहिली, ती सरकली नाही. हीच फायमोसिसची परीक्षा, असे त्या म्हणाल्या. वृषणही खाली उतरलेले नाहीत. एक्स-रेमध्ये लिंगातले हाड स्पष्ट आले. ते नरालाच असते.

ही हकिगत घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे वर्षभर घरात एक पुरुष होता आणि आपण त्याला साधी पिशवीसुद्धा उचलायला लावली नाही!” मुलगी खूप हसली. हसण्यासारखे होते हे मला कळले.

४. उपाय शस्त्रक्रियेचाच आहे. तोंडाशी कातडीची पाचर कापून काढायची आणि आतला नाजूक पापुद्रा बाहेरच्या कातडीला बारीक टाक्यांनी शिवायचा, म्हणजे तोंड पुन्हा आकसत नाही. नंतर चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. डॉक्टरबाईंच्या हिशेबी काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे. मात्र थांबल्यास शू वर तुंबेल आणि मूत्रपिंडे जातील. “आठ-दहा दिवसांच्या वर नको,” असे त्यांनी सांगितले. आज सहावा दिवस आहे.

५. शस्त्रक्रियेचा पास काढायला मी खिडकी क्र. ३ वर गेले असता मावशीची नोंद ‘मादी’ असल्याचे कळले. नोंद लसीकरण शिबिरातली आहे. पिल्लाला धार लागत नव्हती म्हणून ते बसून शू करायचे. ते पाहून शिबिरातल्या इसमाने मादी लिहिले असावे. म्हणजे जो आजार दाखवायला मी आले, त्याच आजारामुळे ती नोंद झालेली आहे. मादीच्या नोंदीवर या शस्त्रक्रियेचे नाव संगणकात उघडत नाही. डॉक्टरबाईंनीही प्रयत्न केला, उघडले नाही.

६. नोंद बदलण्यासाठी नमुना क्र. ९ आहे. त्यात ‘नराचे लिंग प्रत्यक्ष पाहिले’ असा दाखला लागतो व सोबत छायाचित्र. लिंग बाहेर येत नाही हाच आजार आहे, असे मी खिडकीवर सांगितले. तेथील बाई म्हणाल्या, “मग ऑपरेशन करून घ्या, बाहेर आलं की फोटो काढा.” ऑपरेशनसाठीच नोंद बदलायची आहे, असे मी पुन्हा सांगितले. त्यांनी पुन्हा नमुना क्र. ९ दिला. आता माझ्याकडे तीन प्रती आहेत. एक्स-रे पुढे केला, तर त्यावर २२१७ हा क्रमांक आहे, २२१७ ही मादी आहे आणि मादीला हे हाड नसते, सबब एक्स-रे दुसऱ्या कुणाचा तरी आहे, असे उत्तर मिळाले. त्या बाई उद्धट नव्हत्या. त्यांनी बाळाला खेळायला शिक्का दिला होता.

७. त्याच दिवशी मला आपली सूचना मिळाली. क्र. २२१७ ही मादी वयात आल्याने येत्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता गर्भपिशवी काढण्यासाठी आणावी, न आणल्यास नोंदणी रद्द होऊन रुग्णालयातील उपचार बंद होतील. गुरुवारचे काम बाहेरून येणारे पथक करते. ते एका सकाळी चाळीस जनावरे उरकतात आणि यादी पाहून कापतात. खिडकीवरच्या बाई मला धीर देत म्हणाल्या, “अहो ताई, आणा तर खरं. टेबलावर तर येईल ना? पोट उघडलं की कळेलच त्यांना.”

८. माझे पती बाहेरगावी कामाला असतात. दुसरे शस्त्रक्रियेचे रुग्णालय सहा तासांवर आहे आणि बाळ अंगावर पिते. बाळ झाल्यापासून मला फारसे काही वाटत नाही. रडू येत नाही, राग येत नाही. हे सहानुभूतीसाठी नाही, मी खिडकीवर आवाज का चढवला नाही याचा खुलासा म्हणून लिहीत आहे. बाळंतपणात मलाही टाके पडले होते. कुठे दुखते असे नर्सने विचारले की मी सांगू शकत होते. मावशी सांगत नाही. शू लागली की ती माझ्याकडे येते, हनुवटी माझ्या पावलावर ठेवते आणि थांबून राहते. मी काही करीन असे तिला वाटते.

९. सबब नम्र विनंती की, गुरुवारची वेळ तीच ठेवावी, टेबल तेच ठेवावे. फक्त पथकाच्या यादीतून २२१७ काढून ते डॉक्टरबाईंकडे द्यावे. गुरुवारी त्या रुग्णालयातच असतात, मी विचारले आहे. छायाचित्र मी शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी जोडीन. तोपर्यंत आपण स्वतः खाली येऊन मावशीला एकदा पाहावे. ती चावत नाही. हात लावल्यावर फक्त तोंड फिरवते.

आपल्या हातच्या एका सहीच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
क्र. २२१७ ची पालक
दिनांक ९, सोमवार

सोबत : डॉक्टरबाईंची तपासणी-चिठ्ठी, एक्स-रे, गुरुवारची सूचना, नमुना क्र. ९ (कोऱ्या प्रती तीन).

ता. क. : अर्ज पूर्ण होत असताना मुलगी उठून शेजारी येऊन बसली. गुरुवारी काय करणार, असे तिने विचारले. मी जमेल तसे सांगितले की, कागदाप्रमाणे मावशीच्या पोटातली बाळाची पिशवी काढणार आहेत, पण मावशीला ती पिशवी नाहीच. मुलगी बराच वेळ मावशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नंतर तिने जे विचारले ते उत्तरासाठी आपल्याकडे पाठवीत आहे : “आई, ती नाहीच सापडली, तर ते किती आतपर्यंत शोधतील?”