विनीतसाठी मागितलेली बोट

८ मार्च, शनिवार

पतपेढीत महिला दिनाचा गुलाब मिळाला. घरी येऊन विनीतच्या हातात दिला. म्हणाला, "मला कशाला?" म्हटलं, "नवऱ्यांना कोण देणार!" हसला. मालवाहू बोटीवरच्या नोकरीवरून आल्याला पाच महिने झाले, इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा असा हसला.

जेवताना पुन्हा तेच. सासऱ्यांचा रोजचा प्रश्न, "काय रे, कंपनीचा फोन?" हा म्हणतो, "येल." आणि भात चिवडत बसतो. आबा स्वतः बोटीवर होते. मुलगा घरी बसला म्हणजे त्यांचं चारचौघांत नाक कापलं!

१० मार्च, सोमवार

माझ्या बहिणीचा, ज्ञानूताईचा, पुण्याहून फोनवर सल्ला — "त्याला समोर बसव. डोळ्यांत बघून विचार. पुरुषांना कोणी विचारतच नाही गं." पटलं. समोर बसवलं, चहा ठेवला, डोळ्यांत बघितलं.

"बोल."

"काय?"

"मनात असेल ते."

बराच विचार करून म्हणाला, "साखर कमी आहे."

अस्सा राग आला!

१२ मार्च, बुधवार

उद्या होळी. परसात ओल्या काजूचे गर काढायला बसलो दोघं, शेजारी शेजारी. चीक लागू नये म्हणून हातांना राख, माना खाली. नजरानजर नाहीच. आणि हा आपण होऊन बोलायला लागला!

केळशीचा हर्षद, याच्याच केबिनमधला, बोटीवर अपघातात वारला हे मला माहीत होतं. याने त्याला पडताना पाहिलं, हे माहीत नव्हतं. "शिडीवरून सरळ खाली, माल भरतात त्या होल्डमध्ये. त्याची बॅग मीच भरली गो. लोणच्याची बाटली होती, अर्धी. घरी पाठवू की टाकू, कळेना."

मी हावरटासारखी सुटले. कधी? कसा? मग तू काय केलंस? झालं — काजू तसेच टाकून उठला. माझी जीभ!

पण आता कळलं. रिकामा बसतो, म्हणून तेच तेच आठवतं. कामाला लागला की सावरेल. लवकर बोट मिळायला हवी.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. मी रंग लावला, त्याने लावून घेतला. बस्स.

१८ मार्च, मंगळवार

आज शिमग्याची देवाची पालखी आमच्या घरी आली. घरोघर देवाला गाऱ्हाणं घालतात त्या रघूकाकांना मी आधीच गाठून ठेवलं होतं — गाऱ्हाण्यात विनीतचं नाव घ्या. ओटी भरून झाली. काकांनी नारळ हातात धरला, आवाज चढवला. "बा देवा म्हाराजा! ह्या घरचा विनीत पाच महिने बसून हाय. त्याला लवकर बोट गावू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं अंगण गरजलं. आबांचा आवाज सगळ्यांत मोठा. मी विनीतकडे बघत होते. हात जोडलेले, ओठ बंद. पोरं त्याला पालखी नाचवायला बोलावत होती, तो मागल्या दारी निघून गेला.

न्हाणीजवळ उकिडवा बसला होता. मी शेजारी बसले. या खेपेला एकही प्रश्न नाही! पुढच्या अंगणात ढोल वाजत होते. मग म्हणाला, "फोन येऊन गेला कंपनीचा. तीनदा. मी उचललाच नाय. आपल्या माळ्याची शिडी बघितली तरी हर्षद पडताना दिसतो. मला नाय जायचं."

आणि मी देवाकडे काय मागितलं? बोट! अख्ख्या वाडीकडून वदवून घेतलं! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"नको जाऊस," म्हटलं.

"आबांना काय सांगू?"

जवळ घेतलं त्याला. रडला. मीही रडले.

१९ मार्च, बुधवार

सकाळी सांगून टाकलं त्याने! "आबा, मी आता बोटीवर जाणार नाय. भीती वाटते." मी दाराआड उभी. आबांनी ऐकून घेतलं, कोयती उचलली आणि बागेत निघून गेले. जेवायला आले नाहीत. मग विनीतचंही ताट तसंच राहिलं. "मला वाटलंच होतं," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

एक शब्द बोलला असता म्हातारा तर काय बिघडलं असतं? शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं! मला इतका संताप आला की सासूबाईंशीही धड बोलले नाही. त्या बिचाऱ्यांचा काय दोष.

२० मार्च, गुरुवार

आबांनी चाळिशीतच बोट सोडली ती पाठीच्या दुखण्यापायी, हे सगळ्या गावाला माहीत आहे. आज सकाळी ते ओटीवर विनीतच्या शेजारी जाऊन बसले. समोरच्या फणसाकडे बघत म्हणाले, "पाठीला काय झालेलं नव्हतं. भ्यालेलो मी. तू बोललास तरी. माझी तेवढी छाती झाली नाय."

सासूबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. तीस वर्षं त्या रोज त्या पाठीला तेल लावतायत.