फोडायचा राहिलेला नारळ

८ नोव्हेंबर, शनिवार

आलो एकदाचे! नाहूर, अकरावा मजला, खिडकीतून डोंगराची कड दिसते आणि दारावरच्या पाटीवर नवऱ्याच्या, सौरभच्या शेजारी माझंही नाव आहे, गंधाली. घाटकोपरच्या एका खोलीत पाच माणसांनी नऊ वर्षं एकमेकांची डोकी खाल्ली, ते आता संपलं. सासूबाईंनी नव्या शेगडीवर दूध उतू घातलं. माझ्या लेकीने, जान्हवीने उड्या मारून मारून खालच्या मजल्यावरच्यांना आमची ओळख करून दिली.

मग अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गाऱ्हाणं घातलं. त्यांच्या गावची रीत. नवी जागा म्हटली की तिथल्या जागेवाल्याला हाक मारायची, त्याच्यापुढे नारळ ठेवून मागणं मागायचं आणि नारळ फोडून विषय संपवायचा. कोणाची खोली कोणती, यावरून लिफ्टमध्ये आमचं नुकतंच वाजलं होतं. म्हणून अण्णा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभे राहून म्हणाले, “बा देवा म्हाराजा, जागेवाल्या, ह्या घरात जो काय तंटो-बखेडो असात, तो तुझ्या पदरात घे आणि घर शांत ठेव रे म्हाराजा.” आम्ही सगळे हात जोडून जोरात “व्हय म्हाराजा” म्हणालो.

तेवढ्यात वॉचमन सांगत आला की सामानासाठी लिफ्ट एक वाजेपर्यंतच मिळेल. सगळे खाली पळाले आणि नारळ फोडायचा राहिला. अण्णा म्हणाले, फोडू सावकाश.

मोबाइलवर वाचलं होतं की घर बदलताना घरात चिडचिड होते, अशा वेळी राग तोंडाने न काढता कागदावर काढावा. म्हणून ही वही. माझ्याच्याने हे आठवडाभरसुद्धा होणार नाही, असं सौरभचं म्हणणं. बघूच.

१० नोव्हेंबर, सोमवार

छोट्या खोलीवरून जुंपली. जान्हवीला ती अभ्यासाला हवी. वय नऊ, हट्ट नव्वदीचा. सासूबाईंना तिथे देवघर मांडायचंय. त्यांचा आवाज चढत चढत गेला, “मग देव काय मी संडासाशेजारी...” आणि तिथेच थांबला. वाक्य अर्धंच. माझ्याकडे वळून त्या मऊ आवाजात म्हणाल्या, “तुझं बरोबर आहे.”

मी तर काही बोललेच नव्हते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बांगड्याच्या कालवणात मीठच घालायला विसरले. एरवी त्यावरून माझ्या माहेरचा उद्धार झाला असता. आज सासूबाईंनी निमूट जेवून ताट उचललं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. एवढी शांतता मला लग्नापासून माहीत नाही.

देवघर कुठे मांडायचं विचारलं, तर तेच, तुझं बरोबर आहे. देव अजून खोक्यातच आहेत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुताराने कपाटाची दारं उलटी बसवली. सौरभ स्वयंपाकघरात फेऱ्या मारत फोनवर त्याची खरडपट्टी काढत होता आणि मध्येच थांबला. हसला. पलीकडे सुतार हॅलो हॅलो करत राहिला.

संध्याकाळी मुद्दाम विचारलं, तुझं कपाट काढून तिथे माझं ठेवू का? म्हणाला, तुझं बरोबर आहे. असा नवरा मिळावा म्हणून बायका उपास करतात. मी मात्र बाथरूममध्ये जाऊन रडले. मला माझा भांडखोर सौरभ हवाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

सोलकढीसाठी नारळ हवा होता. कोपऱ्यातला उचलला आणि पाणी आहे का बघायला कानाशी हलवला.

पाणी वाजलं नाही. आतून सासूबाई बोलत होत्या. बारीक, लांबून, पण त्याच. “...मांडू? सांग ना!” सोमवारचं उरलेलं अर्धं वाक्य. त्यांच्या मागून सौरभ, अजून सुतारावर ओरडत होता.

वळून पाहिलं तर दोघंही सोफ्यावर शांत बसून माझ्याकडे बघत होती. नारळ हातातून निसटला. फरशीचा टवका उडाला, नारळाला काही झालं नाही.

आठवडाभर मी आवाज चढवून बोललेली नाही. माझा सगळा राग या वहीत आहे. म्हणूनच वाचले, दुसरं काही नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अण्णांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, ज्याने गाऱ्हाणं घातलं त्यानेच नारळ फोडायचा असतो, मीच विसरलो, चूक माझी. कोयता घेऊन उठले. नारळ उचलला, तसा आतून बायकोचा आवाज त्यांच्या कानावर पडला. मी त्यांना गप्प करायच्या आत ते कोपऱ्याकडे बघून ओरडले, “माझ्या घरातली माणसां—”

पुढे नाही. कोयता माझ्या हातात दिला.

“तुझा बरोबर आसा,” म्हणाले.

१८ नोव्हेंबर

जान्हवीला इथून काढायचं. बोरिवलीला, माझ्या बहिणीकडे, प्रांजलकडे. काल रात्रीच बजावलं की घरात एक शब्द मोठ्याने बोलायचा नाही. सकाळी दप्तर भरलं. दारापर्यंत आलो. फक्त चपला घालायच्या होत्या —

उंबऱ्यात पाय रोवून उभी राहिली. माझी खोली सोडून मी नाही येणार, तू नेहमी असंच — मी तिच्या तोंडावर हात दाबला.

माझ्या हाताखाली तिचे ओठ हलले. तुझं बरोबर आहे, आई.

दप्तर नीट खाली ठेवलं. त्या तिघांच्या शेजारी जाऊन बसली.

दुपार

ओढून पाहिलं. उचलून पाहिलं. दाराबाहेर नेली तरी तशीच, हसरी. तिला नेऊन काय उपयोग, ती इथे आत आहे —

नारळ समोर. आत जान्हवी रडतेय. आई, ने ना मला — फोडला तर सुटतील की सांडतील? कोणाला विचारू? अण्णा बघतात आणि मान डोलावतात —

तोंडाने नाही. वहीतच. वहीतच रडायचं —

ओरडले. राहवलं नाही. माझी पोर आहे ती, सोड तिला, सोड —

कान लावला. आत आता पाच जण आहेत. पाचवी मी. फोड, अगं फोड, म्हणून किंचाळतेय.

तिचं बरोबर आहे.

कोयता जागेवर ठेवला. सोफ्यावर चौघांनी सरकून जागा केलीय. उगीच कशाला फोडाफोडी, घर किती शां—