मिरोलाच्या वहीचं शेवटचं पान

सातारा,
१० नोव्हेंबर २०२५

प्रिय माया,

तुला नमस्कार आणि तुझ्या आईच्या, सुलामावशींच्या पायांना हात लावून नमस्कार. त्यांनी पाय मागे घेतले तरी माझी तक्रार नाही.

इकडे सगळं ठीक. साक्षीचे पप्पा फौजेत, सध्या पठाणकोटला. साक्षी सहावीत गेली. मराठी छान लिहिते, गणितात माझ्यावर गेली आहे. अक्षरावरून ओळखलं असशीलच, मी संयोगिता, तुझ्या पाटीवरून गणितं उतरवणारी. पत्ता तुझ्या धनाजीने दिला. वडूजच्या बाजारात भेटला तेव्हा मी तुझा फोन नंबर मागितला, तर म्हणाला, "फोन ती उचलायची न्हाई. पत्र लिही. फाडायच्या आधी निदान वाचंल तरी." भाऊ तुला चांगला ओळखतो.

तर एका चेटकिणीची गोष्ट सांगायची आहे. लगेच फाडू नकोस.

साक्षी एक कार्टून बघते. त्यातली मुलगी सारखी पुस्तकं वाचत असते आणि त्या पुस्तकांची नायिका म्हणजे मिरोला. चेटकीण, पण गुणाची. आजारी जनावरं बरी करते, पडकी घरं सावरते, गावाने हाकललं तरी परत येऊन दार वाजवते. एका भागात मिरोलावर खोटा आळ येतो. खरं काय ते गावात एकाच माणसाला माहीत असतं. नेमकं तेव्हाच कार्टूनमधल्या मुलीला आई हाक मारते आणि ती पुस्तक मिटून पळते. पुढे काय झालं ते दाखवतच नाहीत.

साक्षीने माझा जीव खाल्ला. पुस्तक पाहिजे म्हणजे पाहिजे. साताऱ्यात तीन दुकानं पालथी घातली, सांगलीला नणंदेकडे गेलो तेव्हा तिथेही विचारलं. तिथल्या दुकानदाराने मोबाईलवर शोधलं आणि हसून म्हणाला, "ताई, हे पुस्तक कुणी छापलेलंच नाही. ते फक्त कार्टूनमध्ये आहे." पोरगी दुकानाच्या पायरीवर बसून रडली. घरी आल्यावर दोनशे पानी वही काढून म्हणाली, "नाही ना? मग मीच लिहिते."

आठ दिवसांनी मी भाकरी थापत होते, तर ही विचारते, "मम्मी, तू खरी चेटकीण बघितलीस का गं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हो."

मग कसली सुटका! मी सांगत गेले, ती लिहीत गेली. सुलामावशी मेंढराच्या मोडल्या पायाला बाभळीच्या कामट्या बांधायच्या, मला ताप आला की नाक दाबून कडू काढा पाजायच्या आणि वर गुळाचा खडा द्यायच्या. त्यांच्या घोंगडीत शिरून आपण दोघी शेंगा खायचो. साक्षीच्या मिरोलाच्या खांद्यावर आता घोंगडी आहे, हातात काठी आणि कपाळाला भंडारा. लय भारी दिसते.

"मग ती गाव सोडून का गेली?" साक्षीने विचारलं. माझी तव्यावरची भाकरी करपली.

तुला ठाऊक आहे तेवढं आधी सांगितलं. जोतीरामकाकांची गाभण म्हैस मेली, गोठ्याच्या तोंडाशी लिंबू-मिरच्या सापडल्या आणि गोठ्याला लागूनच तुमचा मेंढरांचा वाडा. करणी केली म्हणून पहिलं बोट दाखवलं ते माझ्याच वडिलांनी, आबांनी. पंधरा दिवसांत तुमचं बिऱ्हाड शिराळ्याकडे गेलं. जाताना तू मला हाक मारलीस. मी दाराआड उभी होते, माया.

तुला ठाऊक नाही ते आता लिहिते. ते लिंबू मी टाकलं होतं.

दर शनिवारी आबा ट्रॅक्टरला नवं लिंबू बांधायचे आणि जुनं गावाबाहेर तीन वाटांच्या तिकटीवर टाकून यायचं काम माझं. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मी ते वाटेतच गोठ्यापाशी भिरकावलं आणि तुझ्याकडे सागरगोटे खेळायला आले. दुसऱ्या दिवशी म्हैस मेली. दहा वर्षांची होते, आबांच्या पट्ट्याला भ्याले. पण विशीत, तिशीत काय झालं होतं? तेव्हा नुसती लाज होती, आणि लाजेपायी गप्प राहिले.

साक्षीला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ज्याला खरं माहीत होतं, ते माणूस तूच." दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग मी गावी गेले. आबा म्हणाले, "सत्तावीस वर्सं झाली. आता उकरून काय करतीस?" मी म्हटलं, "रविवारी बिरोबाच्या देवळापुढे सांगणार आहे. तुम्ही या, नाहीतर नका येऊ." आले. स्वतःची जुनी फौजेतली टोपी घालून आले. काल देवळापुढे उभी राहून मी सगळं सांगितलं. मागून कोणीतरी हसलं. तेवढ्यात जोतीरामकाका उठले. "म्हशीनं पावसाविना खुरटलेला जोंधळा खाल्ला हुता. त्यो इखारी असतोय, त्यानंच मेली. डाक्टर तवाच बोलला हुता. पर लिंबू बघितलं आन् मीबी गप बसलो." मग आबा उभे राहिले. "पयलं बोट म्या दावलं. सुलाबाईचा काय बी दोष न्हाई," एवढंच बोलले आणि खाली बसले. घरी येईपर्यंत माझा हात धरून होते.

माया, मी माफी मागते. ती मिळावीच असा हट्ट नाही.

धनाजी सांगत होता, मावशींना एकदा गावच्या बिरोबाला भंडारा उधळायचा आहे, पण "त्या येशीतनं मान खाली घालून जायची न्हाई" म्हणतात. मान खाली घालायची ती आम्ही. जत्रा पुढच्या महिन्यात आहे. त्या हो म्हणाल्या तर आबा आणि मी न्यायला येतो. नाही म्हणाल्या तर तुमच्या दारात पाया पडून परत फिरू. तेही नको असेल तर तसं कळव.

पत्रासोबत साक्षीची वही पाठवते आहे. शेवटचं पान कोरं आहे. मी म्हटलं, "लिही की, मिरोला परत आली." तर म्हणाली, "आपल्याच मनानं कसं लिहू? आधी सुलाआजीला विचार."

'तुझी मैत्रीण' लिहायला हात धजत नाही. म्हणून नुसतं,

ते लिंबू टाकणारी,
संयोगिता