आडव्या पट्टीसकट

मी, ओडेट पेलेटियर, वय एक्क्याऐंशी, राहणार हॅरो फॉल्स, मेन राज्य, अमेरिका, माझ्या माघारी काय व्हावे ते स्वखुशीने लिहून ठेवते. डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला ते लागत नाहीत.

घर व बँकेतली शिल्लक मुलगी लुसी हिला. माझे टोमणे ऐकत तिनेच मला सांभाळले.

रंधे, पटाशा, करवती मुलगा रोलंड याला. सरसाचे भांडे दीर गस याला. माझी घडीची शिडी पाहून "वहिनी, ही काय टांगून पुजायची?" असे तो चारचौघांत म्हणाला होता. भांडे फुटके आहे, हे मला ठाऊक आहे.

आता शिडी. मिटली की मेपलची सपाट फळी, स्वयंपाकघराच्या दारामागे मावते. उघडली की पायऱ्या आपोआप आडव्या होतात. आराखडा माझा, पहिली शिडी माझ्या नवऱ्याने, एमिलने, बनवली. तिची आडवी पट्टी शिडीचे पाय फाकू देत नाही. रोलंडला नेमकी तीच खुपते. "आई, तिच्यामुळे सगळी रया जाते गं. बिजागऱ्या भक्कम आहेत ना!" माझे डोळे मिटताच तो ती काढून शिड्या विकणार, या भीतीने मला झोप नाही. त्यांवर कोणाची तरी आई चढणार आहे.

म्हणून अट. आमच्या घरच्या सुतारी कारखान्यात नव्या शिडीवर आधी करणाऱ्याच्या घरचे माणूस चढते आणि करणारा हात पाठीशी गुंफून उभा राहतो, आपल्या कामावर भरवसा आहे हे दाखवायला. एमिलच्या शिडीवर मी चढले, तेव्हा रोलंड पोटात होता. रोलंडने पट्टीविना केलेल्या शिडीवर आज, सहीपूर्वी, मीच चढेन. त्याचे हात पाठीशी राहिले तर आराखडा त्याचा, हवा तसा वापरावा. सुटले तर लुसीचा.

सहीपूर्वीची भर, माझ्याच अक्षरात: मी चढू लागले. शिडी कुरकुरली. रोलंड पांढराफटक पडला. मी पुढचे पाऊल उचलताच त्याने दोन्ही हातांनी शिडी गच्च धरली.

"हात मागे घे," मी म्हणाले.

"नाही घेत! उतर बघू खाली."

"आराखडा लुसीला जाईल."

"जाऊ दे! आई, तू आधी उतर."

मी उतरले. वरची अट खोडली आहे. आराखडा रोलंडचा, आडव्या पट्टीसकट.

साक्षीदार: हॅटी लूमिस, शेजारीण, व वेंडेल क्रॉकर, निवृत्त पोस्टमास्तर. दोघांसमक्ष सही केली.

हॅरो फॉल्स, १४ नोव्हेंबर.

ओडेट पेलेटियर

(रोलंड अजून माझा दंड सोडत नाही, म्हणून सही वाकडी आली आहे. ती माझीच समजावी.)